मारुतीच्या ओट्यावर चढलेली गाडी

गाडीचं नाक मारुतीच्या सभामंडपात होतं आणि शेपूट गल्लीत. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. नंबरप्लेटसुद्धा अजून आली नव्हती. शनिवार असल्यामुळे तेल वाहायला आलेले लोक गाडीच्या दोन्ही बाजूंनी, मंडपाच्या खांबांबाहेरून, अंग चोरून आत जात होते. एका बाईंनी जाता जाता गाडीलाही हळदकुंकू वाहिलं.

मी गाडीखाली वाकून पाहिलं.

मी रिकव्हरीचं काम करतो. म्हणजे बंद पडलेली, खड्ड्यात गेलेली, अडकलेली गाडी काढायची आणि आमच्या फ्लॅटबेडवर चढवायची. फ्लॅटबेड म्हणजे मागचा पाळणा जमिनीपर्यंत खाली येतो तो ट्रक. त्याला पुढच्या बाजूला विंच असते. विंच म्हणजे लोखंडी दोराचं रीळ, मोटरवर फिरणारं. मी औंढ्याकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि गावातल्या एका ट्रकच्या मागं बसून बडोद्याला आलो तो इथंच राहिलो. आमचे मालक भरतभाई यांनी मला ठेवून घेतलं, काम शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यामुळेच प्रत्येक कॉलला मला धास्ती असते. त्यांनी विश्वासानं पाठवावं आणि आपण गाडी फोडून परत जावं, ही भीती कधी गेली नाही.

त्या दिवशी फोनवर भरतभाई एवढंच म्हणाले होते, “दत्ता, दांडिया बाजारमां मारुतीना मंदिरमां गाडी घूसी गई छे. मराठी लोकोनी गली छे, तुं ज जा. अने जोजे, नवी गाडी छे हं.”

आमचा ट्रक चालवणारे रफीकभाई गल्लीच्या तोंडाशीच थांबले. आत ट्रक जाणं शक्यच नव्हतं. जुन्या घरांची गल्ली, सरळ पण अरुंद, आणि तिच्या शेवटी बरोबर समोर मारुतीचं देऊळ. दोन दगडी पायऱ्या, वर ओटा, ओट्यावर दोन लाकडी खांब. गाडी पायऱ्या चढून त्या दोन खांबांच्या मध्ये जाऊन थांबली होती. खांब पुढच्या चाकांपाशी, म्हणून दारं तेवढी उघडत होती; पण खांब आणि पत्रा यांच्यात हात जेमतेम शिरेल एवढीच जागा. मुद्दाम घालायची म्हटली असती तर कुणाला जमली नसती.

“कुणाची गाडी?” मी विचारलं.

“माझी,” एक काकू पुढं आल्या. साठी ओलांडलेली. नवीन साडी, हातात पूजेचं तबक अजून तसंच. पाय अनवाणी. शाळेत शिकवायच्या आणि निवृत्त झाल्यावर गाडी शिकल्या, हे मला नंतर कळलं. नाव शालिनीकाकू.

“तिची नाही आता,” त्यांच्या मागून एक गृहस्थ म्हणाले. हे अण्णा, काकूंचे धाकटे दीर. त्यांच्या सदऱ्यावर नारळाचं पाणी उडालेलं होतं. “गाडी काढ आणि थेट शोरूमला नेऊन सोड. चावी माझ्या खिशात आहे. मी इथं उभा होतो, इथं! उडी मारली म्हणून आज तुझ्याशी बोलतोय.”

“अण्णा, जरा शांति राखा ने,” काकू हळूच म्हणाल्या.

“काय शांति राखू? वहिनी, या वयात ब्रेक कुठला आणि ॲक्सिलरेटर कुठला हे कळत नसेल तर गाडी चालवायची नाही. खालचा पत्रा फाटला असेल ना, तर मी दादाला सांगून ही गाडी विकायला लावतो की नाही बघा.”

दादा म्हणजे काकूंचे यजमान. देवळाला लागूनच त्यांचं घर. दारात चाकाच्या खुर्चीत बसले होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. गाडी घेतली होती ती त्यांच्यासाठीच. त्यांना सुभानपुऱ्यात व्यायामाच्या उपचारांना न्यावं लागायचं. रिक्षावाले खुर्ची पाहिली की हात हलवून पुढं जायचे. ज्या दिवशी रिक्षा मिळायची नाही त्या दिवशी उपचार बुडायचा. हे काकूंनी मला रडत सांगितलं नाही. तबकातली फुलं सरळ करत सांगितलं.

मी खुर्चीतल्या काकांकडं पाहिलं. ते अण्णांकडं बघत नव्हते, गाडीकडंही नाही. काकूंच्या पायांकडं बघत होते.

मनात ठरवलं. गाडी नुसती खाली आणायची नाही. धडधाकट खाली आणायची.

ठरवणं सोपं असतं. आता अडचण सांगतो. गाडीची पुढची चाकं ओट्यावर होती, मागची गल्लीत, आणि मधलं पोट पायरीच्या दगडी कडेवर टेकलेलं. अशा वेळी लोकांना वाटतं, मागून दोर लावा आणि ओढा. ओढली तर येते. पण पुढची चाकं पायरीच्या कडेवरून धप्पकन खाली पडतात, आणि त्यांच्या मध्ये इंजिनाखाली असतं चेंबर. चेंबर म्हणजे इंजिनाचं तेल राहतं ते भांडं. ते दगडावर आपटलं की फुटलं. मग अण्णांचंच म्हणणं खरं.

तरी आधी अंदाज घ्यायला म्हणून मी मागचा हुक लावला. नव्या गाड्यांना बंपरमध्ये एक छोटं झाकण असतं. ते काढून डिकीतला हुक आत फिरवून बसवायचा. विंचच्या दोराला पट्टा जोडला, तो गल्लीभर नेऊन हुकात घातला. दोरावर एक जुनी गोधडी टाकली. दोर तुटला तर चाबकासारखा उडतो, गोधडी त्याला खाली पाडते. लोकांना दोरापासून लांब केलं.

“रफीकभाई, थोडंच!”

दोर ताणला. गाडी हलली, आणि खालून ‘कर्र’ असा आवाज आला.

“बस! बस! ढीलो करो!”

अण्णा म्हणाले, “ऐकलंत?”

मी फोन लावला. भरतभाई म्हणाले, “क्रेन मोकलुं?”

“क्रेन गल्लीत येणार नाही, भरतभाई.”

“तो पछी ढाळ बनाव ने भाई. गुटका छे के नहीं?”

ढाळ म्हणजे उतार. गुटके म्हणजे लाकडाचे ठोकळे, आमच्या ट्रकमध्ये असतात. पण एका चाकाखाली लावायला पुरतील एवढेच. दोन पायऱ्यांचा उतार करायचा तर गाडीभर लाकूड लागलं असतं. मी गल्लीत इकडंतिकडं बघितलं. कुठं बांधकाम नाही, फळ्या नाहीत.

“सपाट लाकूड कुणाकडं आहे का? जाड पाहिजे.”

कुणी पोळपाट म्हणालं. कुणी खाटेची फळी म्हणालं, पण खाट जिन्यातून उतरेना. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “पाट चालतील?”

“कसले?”

“जेवायचे. गणपतीत पंगत बसते आमच्या गल्लीची. घरोघर माळ्यावर आहेत.”

मी आमच्याकडच्या लग्नात पाटावर बसलेलो आहे. शिसवी, सागवानी, पितळी फुल्यांचे. त्यावर गाडी चढवायचा विचार मला कधी सुचला नसता.

समोरच्या घरातल्या आजी लगेच म्हणाल्या, “शालिनी, अगं अन्नाचे पाट! त्यावर चाकं?”

देवळातले गुरव गाडीच्या पलीकडं, अशा वेळी देऊळ सोडता येईना म्हणून, आतच अडकल्यासारखे बसलेले होते. तिथूनच त्यांचा आवाज आला. “आणा हो आजी. मारुतीसमोरच आहेत. आणि लवकर आणा, मला चहाला जायचंय.”

मग पाट निघाले. खिडक्यांतून, जिन्यांतून, डोक्यावरून. कुणी झटकून देत होतं, कुणी मागं नाव लिहिलेलं दाखवत होतं. “हा आमचा, ओळखून ठेवा हं.” शेजारच्या एक ताई म्हणाल्या, “काकू, दर्शनाला उतरून जातात, गाडीतून नाही!” सगळे हसले. काकूही हसल्या, पण ओठांनीच.

पाटाच्या पायांमुळं ते नीट बसेनात. मग उलटसुलट जोड्या लावल्या, मध्ये पोती घातली. आधी जॅक लावला. जॅक कुठंही लावायचा नसतो. दाराखाली पत्र्याची दुमड असते तिथंच लावायचा. एक बाजू उचलली, चाकाखाली पाट सरकवले. मग दुसरी. गाडीचं पोट कडेवरून बोटभर सुटलं. त्या फटीत मी दुसरी गोधडी कोंबली. गाडी सरकू नये म्हणून एका मागच्या चाकाला आमचे गुटके लावले.

आता दुसरी अडचण. ओट्यावर सगळं तेल. शनिवारचं, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या शनिवारांचं. चाकानं पाट धरला नाही तर गाडी तिरपी होणार आणि खांबाला घासणार. मी माती मागितली. गल्लीत माती कुठली? त्याच शेजारच्या ताई आत जाऊन रांगोळीचा मोठा डबा घेऊन आल्या.

“ही चालेल? दगडाचीच भुकटी आहे ने.”

चालली. पांढरी रांगोळी तेलावर पडली की घट्ट बसते. मी दोन्ही चाकांखाली आणि पाटांवर मुठीनं टाकली. गुरव म्हणाले, “मारुतीपुढं पहिल्यांदाच एवढी रांगोळी.”

उरलेले पाट पायऱ्यांवर रचून गल्लीपर्यंत उतार केला. दोर लागला. आता प्रश्न माणसाचा.

गाडीत कुणीतरी बसायला लागणार होतं. विंच मागून ओढते, पण गाडी उतारावर सुटली तर विंच तिला धरू शकत नाही. धरतो तो ब्रेक. आणि इंजिन चालू असेल तरच ब्रेक नीट लागतो. बंद इंजिनाला दोनचार वेळा दाबला की पॅडल दगडासारखं होतं. मला पुढं खाली वाकून चेंबर बघायचं होतं. रफीकभाई विंचला. म्हणजे तिसरा माणूस हवा, आणि तो गाडी जाणणारा हवा.

“मी बसतो,” एक तरुण पुढं आला. इतका वेळ मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. दार उघडून त्यानं आत डोकावलं. “क्लच कुठंय?”

“ऑटोमॅटिकला क्लच नसतो.”

“मग नको,” म्हणाला आणि परत व्हिडिओ काढायला लागला.

मी दाराशी वाकलो तेव्हा मला पॅडल दिसलं. ब्रेकच्या रबरावर ओलं काहीतरी चिकटलं होतं. बोट लावलं. चिकट, गोडसर वास. त्यात कुंकू मिसळलेलं. खाली मॅटवर अर्धं ओलं पाऊल.

“काकू, नारळ कुठं फोडला?”

“चाकापुढं. इथंच, पायरीवर.”

“पाणी पायावर उडालं?”

“उडालं. सगळ्यांच्याच उडालं.”

“मग तशाच गाडीत बसलात?”

“देवासमोर चप्पल कशी घालणार?” त्या म्हणाल्या, आणि मग एकदम थांबल्या.

म्हणजे झालं असं. चारही चाकांखाली लिंबं होती, ती चिरडून गाडी थोडी पुढं घ्यायची. गाडीचं तोंड देवाकडं. काकू अनवाणी, तळवा नारळाच्या पाण्यानं ओला. पाय ब्रेकवरच होता. तो तिथून निसटला आणि ॲक्सिलरेटरवर पडला. पॅडल ओळखण्यात चूक नव्हती. पाय घसरला होता.

मी हे मोठ्यानं सांगितलं. अण्णा म्हणाले, “निमित्त काही का असेना.” पण आवाज आधीएवढा चढा नव्हता.

“काकू, तुम्हीच बसा,” मी म्हणालो.

“मी? नाही रे बाबा.” त्यांनी तबक छातीशी धरलं. “मला नको ती गाडी. अण्णा म्हणतात तेच बरं.”

“या गाडीचा ब्रेक इथं फक्त तुम्हाला माहीत आहे. शोरूममधून तुम्हीच चालवत आणली ना?”

“आणली. पण आता नाही.”

“याला वेड लागलंय का?” अण्णा माझ्याकडं आले. “आत्ता जिनं चढवली तिलाच बसवतोस?”

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. पुढं मी वाकलेला असणार, माझ्या डोक्याच्या वर इंजिन. काकूंचा पाय सुटला तर पाटांसकट गाडी माझ्या अंगावर नाही, मागं गेली असती, पण चेंबर गेलंच असतं. आणि भरतभाईंना काय तोंड दाखवणार?

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

“शा... लू.”

सगळे वळले. काकांनी डावा हात उचलून खांद्यावरचा पंचा ओढला आणि पुढं धरला.

“पा... य. पूस. अन् बस.”

काकूंनी तबक आजींच्या हातात दिलं. पंचा घेतला. पायरीवर बसून दोन्ही तळवे पुसले, बोटांच्या मधलं सुद्धा. मी त्याच पंच्यानं पॅडल पुसलं. काकूंनी बूट मागवले. घरातून त्यांचे फिरायला जायचे पांढरे बूट आले. मारुतीला नमस्कार करून म्हणाल्या, “माफ कर रे बाबा,” आणि नऊवारीचा काठ सावरून बूट घालून गाडीत बसल्या.

“अण्णा, चावी.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं आणि चावी दिली.

“काकू, इंजिन चालू. ब्रेक दाबून धरा. गिअर न्यूट्रलला. मी ‘सोडा’ म्हणालो की पाय इतका हलका करायचा की गाडीला वाटलं पाहिजे, आपल्यालाच उतरायचंय. ‘धरा’ म्हणालो की धरायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.”

“वर्गात बसल्यासारखं वाटतंय,” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण हात स्टिअरिंगवर होते.

आरसे मिटले, गुटके काढले. मी ओट्यावर आडवा झालो, गाल दगडाला, कानात तेल. “रफीकभाई, धीरे. काकू, सोडा.”

गाडी सरकली. खांब आणि पत्रा यांच्यातली फट तेवढीच राहिली. रांगोळी चरचरली. चाक ओट्याच्या कडेशी आलं. “धरा.” थांबली. “सोडा.” पहिल्या पायरीच्या कडेवरून चाक पाटांच्या उतारावर उतरलं. चेंबर आणि दगड यांच्यात माझी मूठ मावली असती.

मग ‘कट्’ असा आवाज झाला. डाव्या बाजूचा एक पाट चिरला. गाडी डावीकडं झुकायला लागली.

“धरा!”

धरली. अशी की गाडी जागच्या जागी उभी. मागून कुणीतरी ओरडलं, “सोडा, सोडा, मागं घ्या!” काकूंनी मान सुद्धा वळवली नाही.

“जाड पाट पाहिजे! लवकर!”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. घरोघरचे निघाले होते. अण्णा घरात पळाले. आले ते दोन्ही हातांनी छातीशी धरलेला एक काळा शिसवी पाट घेऊन, चारी कोपऱ्यांना पितळ.

“लग्नातला आहे,” ते धापा टाकत म्हणाले. “आमच्या. घाल.”

“चिरला तर?”

“घाल म्हणतो ना!”

मी जॅकनं ती बाजू किंचित उचलली. अण्णांनी स्वतः गुडघ्यांवर बसून चिरलेला पाट ओढला आणि तो काळा सरकवला. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला देवळाचं सगळं तेल लागलं. “वहिनी, अजिबात सोडायचा नाही,” ते खालून म्हणाले.

“दत्ता सांगेल तेव्हाच,” काकू वरून म्हणाल्या.

मी जॅक काढला. “सोडा.” शिसवी पाट कुरकुरला, पण टिकला. एक चाक गल्लीत आलं. मग दुसरं. गाडी सपाट जमिनीवर उभी राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरव बाहेर आले आणि आधी चहाला गेले.

मी दोर आणि हुक काढला, पण माझं काम अजून झालं नव्हतं. अशा वेळी मी चेंबरखाली वर्तमानपत्र पसरून थांबतो. बारीक चीर असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण कागदावर थेंब पडतो. कागद पसरला. सगळे वाकून बघायला लागले. काकू गाडीतून उतरल्याच नाहीत.

आणि कागदावर थेंब पडला. पिवळसर, तेलाचा. मग आणखी एक.

अण्णांनी डोळे मिटले. मी बोटावर थेंब घेतला, चोळला, नाकाशी नेला. इंजिनाच्या तेलाला एक जळका वास असतो, नव्या गाडीतही. याला नव्हता. मी आजींपुढं बोट धरलं.

“तिळाचं,” आजी म्हणाल्या. “मारुतीचं.”

ओट्यावरचं तेल चाकाला आणि पत्र्याला लागून खाली ठिबकत होतं. मी फडक्यानं सगळं पुसलं, नवीन कागद घातला. काकूंकडचा चहा पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. कागद कोरडा. गोधडीमुळं पोटाला ओरखडा नव्हता. पहिल्या ओढण्यात खालच्या प्लास्टिकच्या आवरणाला एक रेघ आली होती, ती मी अण्णांना दाखवली. लपवून काय उपयोग?

अण्णांनी रेघ बघितली. “ही तू ओढलीस, वहिनींनी नाही,” एवढंच म्हणाले. चावी परत मागितली नाही.

मग लिंबांचा प्रश्न निघाला. आधीची कुठल्या कुठं गेली होती. नवीन आणली, पण पुढं देऊळ, पुढं जायचं नव्हतं. कुणी म्हणालं, मागच्या बाजूला ठेवलेली चालत नाहीत. चहा पिऊन आलेले गुरव म्हणाले, “चालतात. आज चालतात.” लिंबं चाकांच्या मागं ठेवली. काकांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, खुर्ची घडी करून डिकीत टाकली. अण्णा म्हणाले, “मी रिक्षानं येतो,” पण मागचं दार उघडून आत बसले.

काकूंनी आरशात बघितलं, गाडी मागं घेतली. चारही लिंबं फटाफट फुटली. गल्लीच्या तोंडाशी रफीकभाईंनी ट्रक बाजूला केला, आणि गाडी अलकापुरीच्या दिशेनं गेली. काकांना आइस्क्रीम खायचं होतं म्हणे.

मी भरतभाईंना फोन केला. “एक लिसोटो?” त्यांनी विचारलं. लिसोटो म्हणजे ओरखडा. मी प्लास्टिकवरच्या रेघेचं सांगितलं. ते म्हणाले, “चालशे.” पाट पुसून घरोघर परत द्यायला मला आणि रफीकभाईंना दुपार गेली. शिसवी पाट मी सगळ्यात शेवटी दिला, दोनदा पुसून.

तेव्हापासून पूजेच्या गाडीचा कॉल आला की भरतभाई आधी विचारतात, “नारियेळ फूटी गयुं?” आणि मी ट्रकमध्ये गुटक्यांच्या शेजारी एक पंचा ठेवतो.

नवी गाडी घेतलीत तर पूजा जरूर करा. नारळ गाडीपासून दोन हात लांब फोडा. तळपाय पुसा, आणि बूट घालून बसा. देव अनवाणी पायांचा आग्रह धरत नाही. ब्रेक मात्र कोरड्या पायाचा धरतो.